मोटारीच्या रंगाचा टवका

गेल्या खेपेस आम्ही पितळी भांड्यांच्या कल्हईविषयी लिहिले होते. त्यावर एका वाचक भगिनीने विचारले की, 'हल्ली पितळ माळ्यावर गेले आणि दारात मोटार आली. तेव्हा मोटारीच्या कल्हईविषयीही दोन शब्द का लिहू नयेत?' प्रश्न थट्टेने केलेला असेल, परंतु तो रास्त आहे. कल्हई ही भांड्याची शोभा नव्हे, ती आतल्या अन्नाचे रक्षण करते. त्याचप्रमाणे मोटारीचा रंग ही नुसती शोभा नव्हे, तो आतल्या पत्र्याचे रक्षण करतो. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नये हे आपल्या घरांतील लहान मुलीसही ठाऊक असे. मात्र मोटारीच्या रंगाचा टवका उडाला असता पुढे काय होते हे पदवीधरांसही ठाऊक नसते. आम्हांसही ते ठाऊक नव्हते. ते कसे कळले, आणि कळण्यासाठी आमच्या घरी काय किंमत द्यावी लागली, ते आज सांगतो.

आमचे एकत्र कुटुंब काळाचौकीस राहते. आम्ही जन्मभर शाळेत संस्कृत शिकविले. मोटार चालविता येत नाही आणि आता शिकण्याचे वयही राहिले नाही. घरातील कमावत्या मंडळींनी मिळून एक गडद निळी मोटार घेतली, ती आमचे वडील बंधू, ज्यांना घरात सारे दादा म्हणतात, त्यांच्या नावावर आहे, आणि चालवितो त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या. २०२४ च्या भाद्रपदात गणपतीसाठी आम्ही सर्व कोकणात गावी निघालो. त्याच वर्षाच्या १२ जानेवारीस शिवडी ते न्हावाशेवा हा अटल सेतू सुरू झाला होता आणि त्याचे शिवडीकडील तोंड आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तो सुमारे २२ किलोमीटरांचा मार्ग आम्ही मोठ्या कौतुकाने ओलांडला, चिर्ल्यास उतरलो आणि पेणची वाट धरली. पुढे मुंबई-गोवा महामार्गावर मात्र कौतुक संपले. त्या रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले, हे कोकणात जाणाऱ्या कोणत्याही कुटुंबास सांगावयास नको. माणगावच्या अलीकडे रस्त्यावर सुटी खडी पसरली होती. आमच्या पुढे एक डंपर चालला होता. एकाएकी टक् असा आवाज झाला. कोणी काही बोलले नाही. मूल झोपले होते ते जागे झाले, एवढेच.

त्या टक् आवाजात काय घडले ते आता शास्त्राच्या दृष्टीने पाहू. आजच्या मोटारीचा रंग म्हणजे एकच थर नव्हे. पोलादी पत्रा प्रथम धुऊन त्यास रासायनिक संस्कार देतात. पुष्कळ मोटारींत पत्र्यावर जस्ताचाही लेप असतो. मग सबंध सांगाडा अस्तराच्या हौदात बुडवून त्यातून वीज खेळवितात, म्हणजे ते अस्तर कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन चिकटते. त्यावर दुसरे अस्तर, त्यावर प्रत्यक्ष रंग, आणि सर्वांवर पारदर्शक रोगण. मोटार भट्टीतून फिरवून हे थर कडक करतात. एवढे सारे सोपस्कार होऊनही या सर्व थरांची मिळून जाडी साधारणपणे एक दशांश मिलिमीटर, फार तर त्याच्या दीडपट भरते. म्हणजे शाळेच्या वहीचे एक पान, किंवा दीड. वरचे चकचकीत रोगण तर जेमतेम अर्ध्या पानाचे. आपण ज्या तुकतुकीत अंगावरून अभिमानाने हात फिरवितो, ते तुकतुकीतपण एवढेच असते.

आता खडा. चालत्या वस्तूच्या आघाताची शक्ती वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० किलोमीटरांनी जाताना जो खडा आपटतो, तोच ताशी ८० ने जाताना दुप्पट नव्हे, चौपट जोराने आपटतो. पुढील डंपरच्या चाकाने उडविलेला खडा हवेत असतो आणि आपणच त्याच्यावर धावून जात असतो. म्हणून पुढील अवजड वाहनापासून दूर राहणे व खडीवर वेग कमी करणे हाच टवक्यावरील पहिला आणि फुकटचा इलाज होय. हे सूत्र आम्ही आज इतक्या शांतपणे लिहीत आहो. त्या दिवशी मोटारीत बसून आम्ही काय बोललो होतो, ते पुढे सांगणे प्राप्तच आहे.

गावाहून परतल्यावर पुतण्यास बोनेटच्या पुढल्या कडेपाशी ज्वारीच्या दाण्याएवढा टवका दिसला. तो कोणास काही बोलला नाही. घरात नखांना लावावयाचे निळे रोगण होते, त्याचा एक थेंब त्याने त्यावर लावला. चार हात दूर उभे राहिले असता काही दिसत नसे. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. २०२५ साली पाऊस मुंबईत २६ मे रोजीच येऊन थडकला. वैशाख सरतो न सरतो तोच रस्ते भरले. आषाढातील एका सकाळी दादा छत्री घेऊन खाली उतरले, तो बोनेटवर तांबूस ओघळ. बोट लावताच निळी टिकली पापुद्र्यासारखी निघून आली आणि खाली तांबेरा. ज्वारीच्या दाण्याचा हरभरा झाला होता, आणि कडेचा रंग फुगला होता.

घरात जे झाले ते सविस्तर सांगण्यासारखे नाही. दादांचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. 'टवका उडाला याचे काही नाही, लपविलेस का?' हा त्यांचा प्रश्न; आणि तो बरोबरच होता. पुतण्या बराच वेळ खाली मान घालून उभा राहिला. शेवटी आमच्याकडे वळून हळूच म्हणाला, 'काका, त्या दिवशी सांगितले असते, तर किल्ली पुन्हा माझ्या हातात आली असती का?' वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या. आम्हीही उत्तर दिले नाही. उत्तर न देण्यास आमचे एक कारण होते, परंतु त्या वेळी तेही आम्ही मनातच ठेवले.

दुसऱ्या दिवशी मोटार एका गॅरेजात दाखविली. तेथील गृहस्थाने सबंध बोनेट खरवडून नव्याने रंगविण्याचा सल्ला दिला आणि खर्चाचा आकडा सांगितला. 'विम्यातून करून घ्या,' असेही तो म्हणाला. या विम्याविषयी वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वर्षभर दावा केला नाही तर मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीबद्दलच्या हप्त्यात पुढील वर्षी २० टक्के सूट मिळते, आणि असे ओळीने पाच वर्षे झाले तर ती ५० टक्क्यांपर्यंत जाते. एका टवक्यासाठी दावा केला की ही शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागते. म्हणून दावा करण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे.

आम्ही मोटार परत आणली आणि आमच्या इमारतीच्या मागील बाजूस राहणाऱ्या एका वृद्ध रंगारी मिस्त्रींना बोलावले. त्यांचे आयुष्य काळ्या-पिवळ्या टॅक्सी रंगविण्यात गेले. त्या प्रीमिअर पद्मिनी टॅक्सींचा मुंबईतील निरोप २०२३ च्या ऑक्टोबरअखेर झाला, तेव्हा मिस्त्रींचाही धंदा बहुतेक आटोपलाच होता. त्यांनी चष्मा कपाळावर चढविला, वाकून पाहिले, नखाने कड चाचपली आणि म्हणाले, 'मास्तर, हे झाकलंय. भरलेलं नाही.'

हे शब्द आमच्या मनात घर करून राहिले. झाकणे आणि भरणे या दोन क्रिया आम्ही इतकी वर्षे व्याकरणात शिकविल्या, पण त्यांतील भेद एका रंगाऱ्याने दाखविला.

येथे आमच्या परिसराविषयी थोडे विषयांतर केले तर वाचक क्षमा करतील. काळाचौकीस लागून असलेल्या शिवडीस १९२८ साली जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. सुटे भाग बोटीने येत आणि शेवरोलेट मोटारी येथे उभ्या राहत. १९५४ साली ते काम थांबले. पुढे आपल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापिलेली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स कुर्ल्यास मोटारी काढू लागली. रंगांचे घराणेही याच बाजूचे. १९२० साली लोअर परळास गहॅगन नावाची रंग आणि रोगणाची कंपनी निघाली, तिचेच पुढे नेरोलॅक झाले; आणि १९४२ साली याच मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. सारांश, मोटारीचा पत्रा आणि त्यावरचा रंग ही दोन्ही आमच्या शेजारधर्मातली आहेत.

मिस्त्रींच्या तोंडी 'ड्यूको' हा शब्द वारंवार येतो. तोही त्या काळचाच. पूर्वी मोटारीस घोडागाडीप्रमाणे कुंचल्याने रोगणाचे हात देत आणि ते वाळण्यास कित्येक दिवस, प्रसंगी आठवडे लागत. हेन्री फोर्डची प्रसिद्ध मोटार १९१४ ते १९२५ पर्यंत केवळ काळ्या रंगात मिळे, कारण काळे रोगण स्वस्त, टिकाऊ आणि भट्टीत लवकर वाळणारे होते. १९२३ च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीने नायट्रोसेल्युलोजपासून ड्यूको नावाचे झटपट वाळणारे रोगण काढले, ते फवाऱ्याने मारता येई, आणि मोटारी रंगीबेरंगी झाल्या. गंमत अशी की, नखांना लावावयाचे आधुनिक रोगण याच नायट्रोसेल्युलोजचे भावंड आहे. म्हणजे आमच्या पुतण्याने जे लावले ते अगदीच वेडेपणाचे नव्हते. मोटारींच्या रंगाचेच ते दूरचे नातलग होते. चूक पदार्थात फारशी नव्हती, पद्धतीत होती. त्याने खाली काय आहे ते न पाहता वरून थेंब टाकला.

खाली काय असते? उघडा पत्रा, त्यावर पावसाचे पाणी आणि हवेतील प्राणवायू. या तिघांचा संयोग झाला की तांबेरा. आमच्या बाजूस बंदर जवळ, हवेत मीठ. मिठाने ही क्रिया झपाट्याने होते. शिवाय तांबेरा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यास वर जागा नसली की तो आजूबाजूचा शाबूत रंग उचलू लागतो आणि त्या फटीतून पाणी आणखी आत शिरते. म्हणून झाकलेला टवका उघड्या टवक्याहून वाईट. उघडा निदान वाळतो आणि दिसतो.

सुश्रुतांनी व्रणाच्या चिकित्सेचे सात मुख्य उपक्रम सांगितले आहेत. त्यांतील शेवटचे तीन शोधन, रोपण आणि वैकृतापह. शोधन म्हणजे जखम स्वच्छ करणे, रोपण म्हणजे ती भरून आणणे, आणि वैकृतापह म्हणजे भरलेल्या जागेची विरूपता घालवून त्वचेस पूर्ववत वर्ण आणणे. आम्ही हा क्रम मिस्त्रींना सांगितला तेव्हा ते म्हणाले, 'आमचंही तेच. फक्त लोकांना शेवटचंच पाहिजे असतं.' त्यांनी सांगितलेली आणि पुतण्याने स्वतःच्या हाताने केलेली रीत अशी :

प्रथम निदान. टवक्यावर पाण्याचा थेंब लावावा. ओले असताना खूण नाहीशी झाली तर केवळ वरचे रोगण खरचटले आहे. तेथे रंग लावण्याचे काम नाही, नुसत्या पॉलिशने भागते. करडा किंवा पांढुरका ठिपका दिसला तर अस्तर उघडे पडले आहे. थोडी सवड आहे. धातूची चमक किंवा तांबूसपणा दिसला तर सवड नाही. पुढचा बंपर बहुधा प्लास्टिकचा असतो. तो गंजत नाही, तेव्हा तेथे घाई नको. टवका रुपयाच्या नाण्याहून मोठा असेल, पत्र्यास चेप आली असेल, किंवा गंजाने पत्रा सच्छिद्र झाला असेल, तर घरगुती उपाय सोडून चांगला कारागीर गाठावा.

मग शोधन. मोटार सावलीत उभी करावी. पत्रा उन्हाने तापलेला असता कामा नये. साबणाच्या पाण्याने जागा धुऊन कोरडी करावी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाच्या बोळ्यावर घेऊन तेथील मेण व तेलकटपणा काढावा, कारण मेणावर रंग धरत नाही. सुटलेल्या कडा सुईच्या टोकाने हलकेच उचलून टाकाव्यात. जी कड सुटू पाहते तिची दया करू नये. तांबेरा खरवडण्यास वॉटर पेपर लागतो, परंतु बोटाने घासल्यास शेजारचा चांगला रंग जातो. यासाठी मिस्त्रींची युक्ती अशी की, पेन्सिलीच्या बोथट टोकास वॉटर पेपरची बारीक टिकली चिकटवावी आणि पेन्सिल दोन बोटांत फिरवीत राहावी. लोखंड स्वच्छ चमकेपर्यंत हे चालवावे. खोल छिद्रांत उरलेल्या तांबेऱ्यासाठी गंज निष्प्रभ करणारे द्रव बाजारात मिळते. त्याचा थेंब लावून बाटलीवरील सूचनेप्रमाणे थांबावे आणि पुसून घ्यावे. या कामी आमच्या पुतण्याचा सबंध एक तास गेला, आणि शेवटी टवका पहिल्याहून मोठा दिसू लागला. तो घाबरला. मिस्त्री हसून म्हणाले, 'आता खरा किती आहे ते कळलं.'

नंतर रोपण. प्रथम उघड्या लोखंडावर इपॉक्सी अस्तराचा बारीक ठिपका. येथे मिस्त्रींनी काम थांबविले. आषाढाच्या दमट हवेत रंगाचे द्रावक उडून जाताना हवेतील बाष्प पृष्ठभागी धरते आणि रोगण पांढुरके, धुरकट होते. 'अस्तर राहू दे. रंग दसऱ्यानंतर,' असे त्यांनी बजावले. म्हणून अस्तराचा तो करडा ठिपका श्रावण आणि भाद्रपद आमच्या बोनेटवर उघडा मिरवीत राहिला. तो घेऊनच आम्ही त्या वर्षी गणपतीस गावी गेलो.

आता आमची गोष्ट. त्या प्रवासात माणगावच्या अलीकडे पुन्हा खडी लागली, पुन्हा पुढे एक डंपर होता, आणि पुतण्याने वेग कमी केला. मागे बसलेले आम्ही आदल्या वर्षी त्याच जागी काय बोललो होतो ते आम्हांस लख्ख आठवले. 'मूर्ती आणावयाची आहे, अंधार पडेल, त्या डंपरला चिकटून राहा आणि वाट मिळताच पुढे काढ,' असे आम्हीच दोनदा सांगितले होते. पुतण्या निमूटपणे डंपरच्या मागे लागला होता. टक् आवाज आमच्या घाईचा होता. दादांनी विचारले, 'लपविलेस का?' तेव्हा लपविणारे घरात दोघे होते. एक सत्तावीस वर्षांचा, आणि दुसरा जन्मभर मुलांना सत्याचे पाठ देणारा.

गावी पोहोचल्यावर अंगणात चुलत बंधूंनी बोनेटवर बोट ठेवून विचारले, 'नव्या गाडीस हा डाग कसला?' पुतण्या सरळ म्हणाला, 'खडा लागला होता, मी नखांचे रोगण लावून लपविला, तो गंजला. आता दुरुस्त करतो आहे.' एवढे बोलून तो सामान उतरवू लागला. त्याच्या मागे दादा उभे होते. आम्ही तेथेच दादांना आमचा भाग सांगितला. ते काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, 'मीही पुढच्याच आसनावर होतो. मलाही ऐकू आले होते ते. तुझे बोलणेही, आणि तो आवाजही.' पुढे त्या विषयावर आम्हां बंधूंत बोलणे झाले नाही. होण्याची गरजही नव्हती.

कार्तिकात कोरडी हवा आली आणि रोपणाचा उत्तरार्ध झाला. मोटारीच्या रंगास क्रमांक असतो. तो दाराच्या चौकटीवर किंवा बोनेटखालील पट्टीवर छापलेला असतो. नुसता 'निळा' म्हणून रंग आणू नये, क्रमांक देऊन आणावा. त्यात धातूची बारीक चकमक असल्यास ती तळाशी बसते, तेव्हा बाटली काही मिनिटे चांगली हलवावी. बाटलीच्या झाकणातला कुंचला बहुधा जाड असतो. त्यापेक्षा दात कोरण्याची काडी बरी. काडीच्या टोकावर बारीक थेंब घेऊन तो टवक्याच्या मध्यभागी टेकवावा आणि आपोआप कडेपर्यंत पसरू द्यावा, ओढू नये. रंग वाळताना आकसतो, म्हणून एकाच वेळी खड्डा भरण्याचा लोभ धरू नये. अर्ध्या ते एक तासाच्या अंतराने तीन-चार पातळ हात द्यावेत. रंग वाळला की वर पारदर्शक रोगणाचे एक-दोन हात, तेही सभोवतीच्या पृष्ठभागाहून किंचित उंच येईल असे. हे सर्व पदार्थ ज्वालाग्राही आहेत आणि त्यांची वाफ अपायकारक. म्हणून मोकळ्या हवेत काम करावे, हातमोजे घालावेत, जवळ उदबत्ती किंवा विडी नको, आणि मुलांना दूर ठेवावे.

शेवटी वैकृतापह. निदान एक आठवडा काहीच करू नये. हा आठवडा फार कठीण जातो. आमच्या घरी प्रत्येक जण खाली जाऊन बोट लावून येऊ पाहत असे. त्यानंतर २००० क्रमांकाचा आणि मग ३००० क्रमांकाचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून केवळ त्या उंचवट्यावर हलक्या हाताने फिरवावा. सभोवती चिकटपट्टी लावून ठेवल्यास शेजारचा रंग वाचतो. वहीच्या अर्ध्या पानाची गोष्ट येथे आठवावी : जरा जोर झाला की वरचे रोगणच निघून जावयाचे. मग रबिंग कंपाउंड, मग पॉलिश. मेण मात्र सुमारे महिनाभर लावू नये, आतील द्रावकास बाहेर पडण्यास अवधी द्यावा. हाताने लावलेला रंग कारखान्यातील भट्टीत भाजलेल्या रंगाइतका कडक होत नाही, आणि उन्हाने विटलेल्या मोटारीशी तो तंतोतंत जुळतही नाही. पाणी आत जाऊ न देणे हे मुख्य, दिसणे दुय्यम.

नित्याच्या निगेविषयी दोन शब्द. रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटारींवर आमच्या बाजूस बांधकामांची धूळ बसते. तीवर कोरडे फडके फिरविणे म्हणजे वॉटर पेपरच फिरविणे. आधी पाणी ओतून धूळ वाहू द्यावी, मगच पुसावे. कावळ्या-कबुतरांची विष्ठा उन्हात रंगास खाते, ती ओल्या कापडाने त्याच दिवशी काढावी. पुढील भागावर लावण्याची पारदर्शक जाड फिल्मही हल्ली मिळते, ती खड्यांचा मार पुष्कळ सोसते; परंतु खर्चिक आहे. त्याहून स्वस्त म्हणजे डंपरपासून अंतर, हे आता आमच्या तोंडून वाचकांस पटावे. दर महिन्यास मोटार धुताना बोनेटच्या कडेवरून, दारांच्या खालच्या काठांवरून आणि चाकांच्या कमानींवरून नजर फिरवावी. ताज्या टवक्याचे काम एका दुपारचे. गंजलेल्याचे काय झाले ते वर सांगितलेच.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी मुले मोटार चालवू लागली आहेत, त्यांना आमची एक विनंती आहे. मुलगा किल्ली टांगावयास आला म्हणजे 'काही लागले का?' असे साध्या आवाजात विचारावे, आणि तो 'लागले' म्हणाल्यास पुढच्या फेरीस किल्ली त्याच्याच हाती द्यावी. आमच्या घरी आता असा नियम झाला आहे. गेल्या पंधरवड्यात सूनबाईंनी दारास खांब घासल्याचे जेवणाच्या पानावरच सांगितले. दादांनी आमटी वाढून घेतली आणि विचारले, 'पत्रा दिसतो की अस्तर?'

अस्तरच होते. मिस्त्रींना बोलवावे लागले नाही.

पुढील खेपेस लोखंडी कपाटांच्या बिजागऱ्यांविषयी लिहू.